जुन्या मारुतीला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल: माझा अनुभव

आमच्या घरी १९९८ सालची मारुती ८०० आहे. ७९६ सीसीचे इंजिन, चार गिअर, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्कची वीज वाटणारा भाग) असलेली ही गाडी, पंधरा वर्षांनंतर लागणारे नोंदणीचे नूतनीकरण वेळोवेळी करून घेतल्यामुळे, आजही नियमित रस्त्यावर असते. पुण्याहून सासवड-जेजुरीला जाताना वडकी ओलांडून दिवे घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून येऊ लागला होता. गाडी चढत होती, पण जड झाली होती. पंपावरच्या मुलापासून नात्यातल्या मंडळींपर्यंत सर्वांचा सल्ला एकच होता, "साधं टाकू नका, पॉवर नाहीतर स्पीड टाका, पिकअप वाढेल." पॉवर, स्पीड अशा नावांनी मिळणाऱ्या या जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलाने जुन्या गाडीचा जोर खरोखर वाढतो का, हे या निमित्ताने नीट तपासून पाहायचे मी ठरवले.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधील शक्ती दाखवत नाही. स्पार्क पडल्यानंतर ज्योत सिलिंडरभर पसरत असतानाच, तिच्या पुढचे न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर जो धक्का बसतो तेच नॉकिंग. आणि त्या आपोआप पेटण्याला इंधन किती काळ दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेन या इंधनाला १०० आणि एन-हेप्टेन या इंधनाला ० धरून ही मोजपट्टी ठरलेली आहे. ज्या नव्या गाड्यांना नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो, त्यांचा संगणक अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मिळाल्यावर स्पार्क थोडा आधी देऊ शकतो आणि काही गाड्यांत त्यातून खरोखर थोडी ताकद मिळते. माझ्या गाडीत स्पार्कची मूळ वेळ डिस्ट्रिब्युटर कोणत्या कोनात बसवला आहे यावर ठरते. टाकीत कोणते पेट्रोल आहे हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटली. ही गाडी तयार झाली त्या काळात आपल्याकडे सर्वसाधारण पेट्रोल ८७ ऑक्टेनचे असे. बीएस-३ या प्रदूषण मानकापासून साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ हा आकडा आला आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यानंतर तो ९५ पर्यंत जातो, असे सरकारने सांगितलेले आहे. म्हणजे जी गाडी ८७ वर कुरकुर न करता चालत होती, ती आज त्याहून चांगल्या ऑक्टेनवर नॉक करत असेल, तर उणीव पेट्रोलमध्ये नाही, इंजिनात काहीतरी बदलले आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

तरीही प्रत्यक्ष वापरून पाहिल्याशिवाय मत बनवायचे नव्हते. पंप एकच ठेवला, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच भरणे थांबवले, टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवली आणि दुपारच्या उन्हात तोच घाट चढलो, कारण थंड हवेत नॉकिंग आपोआप कमी होते आणि तुलना फसवी ठरते. आधी साध्या पेट्रोलच्या टाक्या संपवल्या, मग महाग पेट्रोलच्या. महाग पेट्रोलवर घाटातला आवाज स्पष्टपणे कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. मात्र सपाट रस्त्यावर गाडी पूर्वीइतकीच मंद होती, आणि लिटरमागे किलोमीटरच्या सरासरीत जो फरक दिसला तो एकाच पेट्रोलच्या दोन टाक्यांमध्येही दिसत होता. आवाज दबला होता, जोर वाढला नव्हता. दुखणे तसेच ठेवून दर लिटरला जादा पैसे मोजायचे, हे मला पटणारे नव्हते.

त्यानंतर कार्बोरेटरच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेल्या एका जुन्या मेकॅनिककडे गाडी नेली. असे हात आता फार थोडे उरले आहेत आणि ते पुढच्या पिढीकडे जात नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. त्यांनी प्रथम प्लग काढून उजेडात धरले. पांढुरके पडलेले चिनीमातीचे टोक दाखवून ते म्हणाले, "साहेब, मिश्रण पातळ जळतंय, हवा कुठूनतरी आत शिरतीय." म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मग स्पार्कची वेळ तपासायचा टायमिंग लाइट लावून खूण पाहिली. ती असायला हवी त्याच्या बरीच पुढे होती, म्हणजे स्पार्क फार लवकर पडत होता. "टायमिंग लई पुढं ठेवलंय कुणीतरी." शेवटी त्यांनी स्पार्कची वेळ गरजेप्रमाणे बदलणाऱ्या व्हॅक्यूम ऍडव्हान्स या भागाची रबरी नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढली आणि तोंडाने हवा ओढून पाहिली. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट जागची हलली नाही. आतला पडदा फाटलेला होता.

तिथे सगळा उलगडा झाला. ऍक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना इंजिनातील व्हॅक्यूम (हवेची ओढ) हा पडदा ओढतो आणि स्पार्क लवकर पडतो. पडदा फाटल्यावर ते थांबते, आणि फटीतून शिरणाऱ्या हवेने मिश्रणही पातळ होते. त्यामुळे गाडी सपाट रस्त्यावर मंद झाली असणार, आणि आधीच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये मूळ दोष न शोधता डिस्ट्रिब्युटरच पुढे फिरवून पिकअपची भरपाई केली गेली असणार. घाटात मात्र पाय पूर्ण दाबलेला असतो, व्हॅक्यूम जवळजवळ नसतो आणि स्पार्क त्या वेळी मागेच (उशिरा) राहायला हवा. तिथे हे पुढे ठेवलेले टायमिंग नॉकिंग करू लागले. पिस्टनवर वर्षानुवर्षे साचलेल्या कार्बनने सिलिंडरमधली जागा कमी होऊन दाब आणखी वाढला होता, ते वेगळेच.

पडदा बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला, कार्बन काढला आणि डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून टायमिंग खुणेवर आणले. आता साध्या पेट्रोलवर, भर दुपारी, घरच्या चार माणसांना घेऊन गाडी दिवे घाट तिसऱ्या गिअरमध्ये आवाज न करता चढते आणि सरासरीही सुधारली आहे. या अवस्थेत महाग पेट्रोल पुन्हा भरून पाहिले, तेव्हा घाटात, सपाट रस्त्यावर किंवा सरासरीत कुठेही फरक जाणवला नाही. त्या पेट्रोलमध्ये इंधनमार्ग स्वच्छ ठेवणारी रसायने असतात हे खरे. पण फाटलेला पडदा रसायनाने सांधत नाही.

जुन्या गाडीच्या मालकाला आज ऑक्टेनपेक्षा इथेनॉलची काळजी अधिक असायला हवी, असे माझे मत झाले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकींची सरासरी २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे. त्याहून गंभीर म्हणजे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पडदे इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात. कार्बोरेटर खोललेलाच होता, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतल्या. कितीतरी जुन्या गाड्यांचे मालक शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलकडे वळतात ते इथेनॉल टाळण्याच्या हेतूने. पण २०२० च्या डिसेंबरमध्ये ते बाजारात आले तेव्हाच दिल्लीत लिटरला १६० रुपये दर होता, आणि रोजच्या वापराच्या गाडीला तो परवडत नाही.

सगळ्याच जुन्या गाड्यांना हे लागू होईल असे मात्र नाही. नात्यातल्या एकांकडे वीस वर्षांपूर्वीची टर्बो इंजिनाची स्कोडा आहे. तिच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ ऑक्टेनची सूचना छापलेली आहे, तिला नॉक सेन्सरही आहे, आणि कमी ऑक्टेनवर तिचा संगणक स्पार्क मागे घेऊन ताकद कमी करतो. ते पहिल्यापासून ९५ भरतात आणि त्यांनी ते तसेच चालू ठेवावे, असेच मी त्यांना सांगितले.