थुंकायचं, चूळ भरायची नाही

तासगावहून निघताना आईने बॅगेत कोंबलेला दोन किलो बेदाणा ग्लासगोपर्यंत सुखरूप आला आणि लेकीच्या नर्सरीच्या दारात अडला. मधल्या वेळच्या खाऊत मूठभर घालून दिला होता, तो संध्याकाळी तसाच परत. बाईंनी हसत सांगितलं, जेवणाबरोबर चालेल, अधेमधे नको. दातांच्या फटीत चिकटून बसतो. मला रागच आला. जिथे बेदाण्याचे सौदे निघतात आणि पाहुण्याच्या हातावर आधी बेदाणा पडतो, तिथली मी. पौष्टिक म्हणून दिला होता, गोळ्या-चॉकलेटं नव्हती दिली!

माझं तोंड बघून बाईंनी दुसऱ्या दिवशी मला आत थांबवून घेतलं. खाऊनंतर मुलं गोल करून बसली. भिंतीशी एक स्टँड, त्यात प्रत्येकाचा ब्रश, एकमेकांना न लागेल असा उभा. ज्यांना नाव वाचता येत नाही त्यांच्यासाठी ब्रशवर चित्र. माझ्या लेकीचं कासव. पेस्टची ट्यूब कुठल्याच ब्रशला टेकवत नाहीत. ताटलीवर मटारच्या दाण्याएवढे ठिपके अंतराअंतरावर काढतात, मूल आपला ठिपका उचलतं. दोन मिनिटं घासायचं, कागदी रुमालात थुंकायचं, संपलं. चूळ नाही. पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातांवर राहायला हवं, ते धुऊन टाकलं तर घासल्याचा बराच फायदा गेला.

यात डॉक्टर कुठेच नाही. खुर्ची नाही, मशीन नाही.

या कार्यक्रमाला इथे 'चाइल्डस्माइल' म्हणतात. स्कॉटलंडचे दात ही एके काळी चेष्टेची गोष्ट होती. माझी ऐंशी पार केलेली शेजारीण सांगते, तिच्या आईच्या पिढीत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायचे, पुढे नवऱ्याच्या खिशाला खार नको म्हणून. ती हे हसत सांगते, मला ऐकताना दाढ दुखते. 2003 साली पहिलीतल्या मुलांपैकी जेमतेम 45 टक्क्यांच्या दातांना उघड कीड नव्हती. 2022 साली हे प्रमाण 73 टक्क्यांवर गेलं. पाण्यात फ्लोराइड न मिसळता, बरं का. ग्लासगोच्या आसपास पाण्यात फ्लोराइड घालायचा बेत 1983 मध्ये कोर्टात अडकला आणि बारगळला. मग नळाऐवजी नर्सरीतून रस्ता काढला. गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या दातांना वर्षातून दोनदा वार्निशही, म्हणजे फ्लोराइडचा पातळ लेप, लावतात.

इथे सगळं गोड आहे असं समजू नका. मोठ्या माणसाला सरकारी योजनेतला दातांचा डॉक्टर मिळवायचा म्हणजे यादीत नाव घालून बसायचं. माझं नाव एका दवाखान्यात सात महिने तिष्ठत होतं. आणि गरीब-श्रीमंत वस्त्यांतली दरीही पुरती बुजलेली नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा डोळ्यांवर जणू हाच चष्मा. चुलत भावाच्या पोराच्या पुढच्या चार दातांची काळी खुंटं झालेली. रात्री दूध-साखरेची बाटली तोंडात धरूनच झोपायची सवय. मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "दुधाचं दात हायती, पडायचंच की ते. उगं कशाला वाढिवतीस?" पडायचेच, पण सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याने चावायचं कशाने? ठणक लागली की पोर जेवत नाही, झोपत नाही, मग अंगाला लागत नाही म्हणून आपण टॉनिक शोधत फिरतो.

आणि सांगणार कोणाला? आजीच्याच कमरेला मिश्रीची डबी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी एकदा आणि दुपारी जावा-जावा टेकल्या की पुन्हा. दात बळकट राहतात, हा ठाम समज. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात आहेत, आणि त्यात आपल्या मिश्रीचाही वाटा आहे.

बाबांचं तिसरंच. बारा वर्षं शुगर. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, गोळ्या बदलतात, पण 'आ' करा असं एकाही डॉक्टरने म्हटलेलं नाही. हिरड्यांतून रक्त येतं, दोन दाढा हलतात. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आटोक्यात राहत नाही. साखर आणि तंबाखू दात, हृदय, स्वादुपिंड असं पाहून येत नाहीत, पण दवाखान्याच्या पाट्या मात्र वेगवेगळ्या.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, किडके दात त्यांच्या यादीत आहेत. तपासणी होते, वहीत नोंद होते. ब्रश काही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराइडची पेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली, म्हणजे ती ओआरएसच्या पंगतीला बसली. मग खिचडीनंतर सेविकाताई-मदतनीसताईंनी ताटलीत ठिपके काढले तर? चूळच भरायची नाही म्हटल्यावर जत-आटपाडीकडे नळ कोरडा असला तरी अडत नाही. ब्रश धुवायला दोन तांबे पुरतील. चंद्रपूर-यवतमाळसारख्या भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त असतं, तिथे आधी पाणी तपासावं लागेल. पण ताईंच्या माथ्यावर आणखी एक रजिस्टर मारणार असाल तर राहू द्या. त्यांचं मानधन वाढवा आणि मग ब्रश पाठवा.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने पणजीला मोरीपाशी बसवलं, कासवाचा ब्रश स्वतःच्या हातात, नवा कोरा तिच्या हातात. आजीला खालचे पाच दात उरलेत. घासून झालं, थुंकून झालं आणि सवयीने हात तांब्याकडे गेला.

"नाही! चूळ नाही भरायची!"

"अगं बया, चूळ भरल्याबिगर तोंड मोकळं कसं व्हायचं?"

लेकीने तांब्या उचलून पाठीमागे लपवला. आजी फेसाळल्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली, आणि मिश्रीची डबी त्या सकाळी, निदान चहा होईपर्यंत, कमरेलाच राहिली.