तुम्ही विचारलंत म्हणून: बांगड्यावर उजेड टाकून ताजेपणा कळतो का?

हातात मावणारं यंत्र माशावर टेकवलं की ताजा-शिळा कळतो म्हणे, घ्यावं का? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंत हल्ली हे विचारतात.

सरळ सांगायचं तर ताजेपणा ते मोजतच नाही. डोळ्यांना न दिसणारा, साधारण 900 ते 1700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते माशावर टाकतं आणि परत किती आला ते बघतं. 970 आणि 1450 च्या आसपासचा प्रकाश पाणी शोषतं, 1200 च्या आसपासचा चरबी. म्हणून तारलीत तेल किती भरलंय हे ते छान सांगतं. ताजेपणा मात्र शिकवावा लागतो: शंभरेक बांगडे घ्यायचे, प्रत्येकाचं रीडिंग घ्यायचं, त्याच माशांची प्रयोगशाळेत तपासणी करायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. परदेशी सॅमन माशावर शिकलेलं यंत्र आपल्या बांगड्यापुढे गडबडतं.

रीडिंग बहुतेकदा चुकतं ते पाण्यामुळे. बर्फातून काढलेल्या माशावर पाण्याचा थर असतो; तो टिपकागदाने टिपला नाही तर तुम्ही मासा नाही, बर्फाचं पाणी मोजता. चोळू नका, कातडी खरवडते. आधी दिवा पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग पांढऱ्या टाइलवर एक आणि झाकण लावून अंधारात एक रीडिंग घ्या. मग कल्ल्यामागे पाठीच्या जाड मांसावर तीन ठिकाणी टेकवा आणि सरासरी काढा. पोटावर नको, तिथे मांस पातळ. टोक नीट बसलं नाही तर बांगड्याची चंदेरी कातडी आरशासारखी उजेड परतवते. सगळे मासे एकाच तापमानाला हवेत, कारण ऊब लागली की पाणी ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं तीच सरकते.

आणि हिस्टामिन, म्हणजे माशात तयार होणारं, खाणाऱ्याला बाधणारं रसायन? बांगडा, तारली, कुपा उन्हात राहिले की ते तयार होतं, शिजवूनही जात नाही. किलोला 100 मिलिग्रॅम हिस्टामिन म्हणजे जेमतेम 0.01 टक्का, आणि या प्रकाशाची नजर 0.1 टक्क्याखाली अंधुक होते. यंत्रावर हिरवा दिवा लागला तरी याबाबतीत त्याला अर्थ नाही.

एका कामात मात्र त्याला मानायला हवं: गोठवून वितळवलेली सुरमई ताजी म्हणून खपवतात, ती पकडण्यात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात, पाणी सुटतं, प्रकाश वेगळा विखुरतो. तुकडे केल्यावर कल्लाच नसतो, तेव्हा कोळणीची नजरही तिथे अडते.

माल घेणाऱ्या कारखान्याने जरूर घ्यावं. घरासाठी नको, अख्खा मासा घ्या, कल्ला उचलून बघा.