जुने पिनबॉल यंत्र पुन्हा खेळते करताना : माझा अनुभव

१९७९ साली तयार झालेले हे पिनबॉल यंत्र माझ्याकडे आले तेव्हा ते कित्येक वर्षे बंद होते, आणि ते नेमके कशामुळे बंद पडले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. असे यंत्र घरात आले की वायर प्लगात घालून चालते का ते पाहण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच आवरावा लागतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही यंत्रे रिले आणि फिरत्या गुणचकत्या सोडून मायक्रोप्रोसेसरकडे वळली. त्यामुळे या पिढीच्या यंत्रात खेळपटाखाली, म्हणजे चेंडू ज्यावर फिरतो त्या उतरत्या फळीखाली, कॉइल, लिव्हर आणि पत्त्याचे (धातूच्या पातळ पट्ट्यांचे) स्विच असतात, तर मागच्या उभ्या पेटीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या बोर्डांना तपासल्याशिवाय वीज दिली, तर जे सहज वाचले असते तेही जळून जाते.

काच काढण्यापासून सुरुवात केली. पुढच्या दारातून आत हात घालून खटका ओढला की खेळाडूच्या हाताखालची धातूची पट्टी निघते आणि काच खाली सरकवून बाहेर काढता येते. ही काच टफन्ड असते. सपाट पृष्ठावर ती चांगला मार सोसते, पण तिची कड किंवा कोपरा कडक फरशीवर टेकला तर क्षणात चुरा होतो, म्हणून ती जाड सतरंजीवर आडवी ठेवली. खेळपट वर उचलण्याआधी चेंडू बाहेर काढला. २७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ८० ग्रॅम वजनाचा तो पोलादी गोळा आत राहिला आणि घरंगळत मागच्या बाजूला गेला, तर वाटेतले प्लास्टिक आणि दिवे फोडत जातो.

मागची पेटी उघडल्यावर अपेक्षित तेच दिसले. मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली होती आणि तिच्या खालच्या भागात तांब्याच्या रेघांवर हिरवट-निळसर थर चढला होता. वीज नसताना उच्चांक आणि सेटिंग लक्षात ठेवणे एवढेच तिचे काम. पण या काळातील बोर्डांचे सर्वाधिक नुकसान तिनेच केलेले आढळते. बॅटरी कापून काढली आणि बोर्ड पेटीतून सोडवला. गळालेला द्रव अल्कधर्मी असल्यामुळे बाधित भाग मऊ ब्रश आणि पांढऱ्या व्हिनेगरने घासला, मग स्वच्छ पाण्याने धुतला, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढून पूर्ण वाळू दिला. एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण क्षार आयसीच्या (चिपच्या) सॉकेटमध्ये आणि पिनांच्या मुळाशी शिरलेले असतात. बॅटरीजवळची सॉकेटे आणि काळवंडलेले रेझिस्टर काढून नवे बसवले, तुटलेल्या रेघा बारीक तारेने जोडल्या. नवी बॅटरी लावण्याऐवजी मूळ स्मृती-चिपच्या जागी बॅटरीशिवाय माहिती टिकवणारी चिप बसवली, म्हणजे पुन्हा पाझरायला तिथे काही उरले नाही.

त्यानंतर वीजपुरवठ्याकडे वळलो. ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या घरच्या व्होल्टेजला अनुरूप आहेत आणि अर्थिंग धातूच्या प्रत्येक भागापर्यंत पोहोचते आहे, हे आधी मल्टिमीटरने तपासले. फ्यूज पाहताना एका फ्यूजभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला सापडला. फ्यूज का जळतो हे शोधण्याऐवजी त्याला जळूच द्यायचे नाही, हा उपाय पूर्वी कोणीतरी केलेला होता, आणि त्याच फ्यूजवरच्या एका कॉइलचे वेष्टन करपून तपकिरी झाले होते. सर्व फ्यूज छापील अँपिअरप्रमाणे नवे घातले, बोर्डांचे कनेक्टर काढून ठेवले आणि मगच वीज दिली. रेक्टिफायरवर कॉइलसाठीचे सुमारे ४३ व्होल्ट, दिव्यांसाठीचे सहा व्होल्टच्या आसपासचे आणि गुणफलकासाठीचे दोनशे व्होल्टपेक्षा अधिक दाब मोजून झाल्यावर बोर्ड एकेक करून जोडले. गुणफलकाच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ झटका बसण्याइतका भार राहतो, हे इथे हात घालणाऱ्याने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

या जातीच्या बोर्डावर एक लहानसा तांबडा दिवा असतो आणि दुरुस्तीत त्याच्याइतका उपयोगी सोबती दुसरा नाही. वीज देताच तो क्षणभर लुकलुकतो आणि मग ओळीने सात वेळा चमकतो. प्रत्येक चमक एकेक चाचणी पार पडल्याचे सांगते. आधी प्रोग्रॅमच्या चिपा, मग दोन्ही स्मृती-चिपा, मग बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या दोन चिपा, नंतर गुणफलकाचा टायमर आणि सर्वांत शेवटी कॉइलचे ४३ व्होल्ट. माझा दिवा आरंभी तिसऱ्या चमकेनंतर अडला, म्हणजे दोष चौथ्या चाचणीत, बाहेरच्या भागांशी जोडणाऱ्या पहिल्या चिपमध्ये किंवा तिच्या सॉकेटमध्ये होता. सॉकेट बदलल्यावर साती चमका दिसल्या. एवढा नेमका पत्ता देणारी सोय आजच्या कितीतरी घरगुती उपकरणांत नसते.

विजेचे काम मार्गी लागल्यावर खेळपट हाती घेतला. या कामाचा खरा वेळ इथे जातो आणि कस लागतो तोही इथेच. प्रत्येक भागाची छायाचित्रे काढली, प्लास्टिकचे तुकडे एका ट्रेमध्ये मूळ मांडणीप्रमाणे ठेवले, आणि स्क्रू ज्या भागातून निघाले त्या भागाच्या नावाच्या डबीत टाकले. कारण दिसायला सारखे असणारे दोन स्क्रू लांबीने वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसवला तर तो लाकडातून आरपार जातो. रबराची झीज, कॉइलच्या आतून उडणारी धातूची भुकटी आणि जुने मेण यांच्या मिश्रणातून झालेला काळा थर खेळपटावर बसला होता. मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने सुटी धूळ ओढून घेतली आणि उरलेला थर नॅफ्थामध्ये भिजवलेल्या कापडाने पुसला. नॅफ्था ज्वलनशील असल्यामुळे खिडक्या उघड्या ठेवून आणि यंत्राचा प्लग काढूनच हे काम केले. पाणी कटाक्षाने टाळले. खेळपट मेपलच्या प्लायवूडचा असतो आणि रंग उडालेल्या जागी पाणी मुरले तर लाकूड फुगते व शेजारचा रंगही सोडते.

चेंडूच्या नेहमीच्या वाटेवर गोलाकार काळ्या रेषा रंगात रुतून बसलेल्या होत्या. त्या काढण्यासाठी मेलामाइनचा स्पंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरण्याची पद्धत आहे. ती परिणामकारक आहे; पण हा स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश कागदच असतो आणि तो घाणीबरोबर रंगावरचे लॅकरही खरवडतो. १९९०च्या आसपास खेळपटांवर जाड पारदर्शक थर येऊ लागला. १९७९च्या यंत्रावर लॅकर पातळ असते, त्यामुळे घासण्याला मर्यादा येते. प्लास्टिकखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात आधी चाचणी घेतली आणि कापडावर रंगाची पुसटशी छटा येताच हात थांबवायचा असे ठरवले. काही रेषा त्यामुळे राहिल्या आणि मी त्या राहू दिल्या. राहिलेली काळी रेषा पुढे कधीही पुसता येते, पण मूळ छपाईचा रंग एकदा गेला की तो परत येत नाही. चेंडूला उसळवून लावणाऱ्या बंपरभोवती चिकटवलेली पारदर्शक मायलारची फितही, पिवळी पडलेली असूनही, ठेवली. ती सोलताना तिच्याबरोबर रंग निघण्याची शक्यता असते आणि बंपरखालचा रंग मायलारमुळेच शाबूत राहिलेला होता. ज्या ठिकाणी उघडे लाकूड दिसत होते तेवढ्याच जागा बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंगाने भरल्या आणि त्यावर पारदर्शक थर दिला. शेवटी बारीक प्लास्टिक पॉलिश आणि त्यावर कार्नोबा मेण.

मागच्या चित्रकाचेच्या बाबतीत याहूनही कमी केले. चित्र काचेच्या मागील बाजूला छापलेले असते आणि दिव्यांच्या उष्णतेने शाई काचेपासून सुटत जाते. ओला बोळा तिथे फिरवला तर चित्राचे तुकडे बोळ्याबरोबर येतात. पुढची बाजू स्वच्छ केली, मागे कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकली आणि सुटलेली शाई पकडून ठेवण्यासाठी पारदर्शक स्प्रेचा हात दिला. उष्णता कमी व्हावी म्हणून मागच्या पेटीतील सतत पेटणारे दिवे एलईडी केले. खेळपटाच्या नियंत्रित दिव्यांना मात्र जुन्या पद्धतीचे १५० मिलिअँपिअरचे बल्बच ठेवले. ते ज्या घटकाने चालू-बंद होतात त्याला एलईडीचा अल्प प्रवाह पुरत नाही आणि ते लुकलुकू लागतात.

फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच चेंडूला वर फटकावणारे हात, हा पिनबॉलचा प्राण. १९४७ सालच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर ते प्रथम आले. त्याआधी चेंडू सोडल्यावर यंत्र ढकलण्यापलीकडे खेळाडूच्या हाती फारसे काही नसे. माझे फ्लिपर चेंडूला खेळपटाच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचवत नव्हते. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात : एक जोरदार, दुसरे केवळ धरून ठेवणारे. बटण दाबल्यावर प्रवाह आधी जोरदार वेटोळ्यातून जातो आणि फ्लिपर वर पोहोचताच टोकाचा स्विच उघडून कमकुवत वेटोळे कामाला लावतो. या स्विचचे टोक काळवंडले तर फटका मवाळ होतो. तो उघडलाच नाही तर कॉइल जळते. त्याची टंगस्टनची टोके बारीक कानशीने साफ करता येतात, परंतु गुण मोजणाऱ्या स्विचवर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि तिथे कानशीला मज्जाव आहे. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन पत्त्यांत धरून ओढली की पुरते. दांडा, त्याचा दुवा, अडथळा आणि कॉइलमधील नायलॉनची नळी हा सगळा संच नवा घातला. जुन्या दांड्याचे टोक आदळून आदळून पसरले होते व नळीत घासत होते. तेल कुठेही लावले नाही. नळीत तेल गेले की धूळ धरून त्याची चिकट लुकण होते.

रबराच्या रिंगा सगळ्याच बदलल्या. नवा चेंडूही घेतला, कारण गंजलेला किंवा खड्डे पडलेला चेंडू मेण लावलेल्या खेळपटावर सॅंडपेपरचेच काम करतो. पाय बसवून खेळपटावरच, काचेवर नव्हे, स्पिरिट लेव्हल ठेवून आडवी पातळी साधली आणि मागचे पाय उंचावून उतार साडेसहा अंशांच्या जवळ आणला. यंत्र जास्त हलवले की खेळ थांबवणारा टिल्टचा लोंबता गोळा मात्र जरा सैलच ठेवला आहे, म्हणजे यंत्राला हलका धक्का देण्याची मुभा राहते.

तिसऱ्या खेळाडूच्या गुणफलकात एका आकड्याची एक रेघ पेटत नाही. नारिंगी प्रकाशाची ती वायूभरित काचनळी आता तयार होत नाही आणि तिच्या जागी बसणारे एलईडीचे फलक सहज मिळतात. तूर्तास मी तो फलक बदललेला नाही. आठ आकडा तिथे सहासारखा दिसतो, आणि गुण मोजताना ते लक्षात ठेवावे लागते.