वेबर्न: वर मसूर, खाली तेल

कॅनडाला जाणारी आपली मंडळी टोरांटो आणि नायगारा पाहतात, सवड असली तर बॅन्फचे डोंगर पाहतात, आणि मधला सपाट गवताळ प्रदेश विमानातूनच ओलांडून जातात. त्या प्रदेशातलं एक तरी गाव मुक्काम करून पाहावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. गावाचं नाव वेबर्न. सॅस्कॅचेवान प्रांताच्या आग्नेय भागात, सूरिस नदीच्या काठी, वस्ती ११ हजारांच्या आसपास. जमिनीवर गहू, कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक), जवस आणि मसूर. जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर तेल. दोन्ही एकाच शेतातून निघतात, आणि त्या शेताचे मालक मात्र बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. ही गोष्ट ध्यानात घेतली की हे गाव कळायला लागतं.

विमान रेजायनाला उतरतं. तिथून गाडी भाड्याने घ्यावीच लागते. प्रांताची सरकारी बससेवा २०१७ मध्ये बंद झाली, आणि या भागातले रूळ आता फक्त मालगाड्यांचे. ६ नंबरच्या हायवेने दक्षिणेला कोरिनपर्यंत जायचं, तिथून ३९ नंबरच्या रस्त्याने आग्नेयेला. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आत. हाच रस्ता पुढे अमेरिकेच्या सीमेला जातो, त्यामुळे ट्रकची वर्दळ असते. ओव्हरटेक करायची घाई करू नका. वाटेत यलो ग्रास नावाचं छोटं गाव लागतं. ५ जुलै १९३७ ला इथे आणि वेबर्नच्या पलीकडच्या मिडेल गावात पारा ४५ अंशांवर गेला होता. कॅनडातल्या उष्णतेचा तो उच्चांक २०२१ पर्यंत टिकला. हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जाणाऱ्या मुलखात विदर्भातला मे महिना! त्या दशकातल्या दुष्काळाने या भागाची शेती धुळीला मिळवली होती, आणि त्याचा धागा पुढे येणार आहे.

जायचं तर दोनच वेळा सांगेन. जुलैचा मध्य, म्हणजे कॅनोला पिवळीधमक फुललेली असते आणि जवसाची शेतं निळी दिसतात. जवस पाहायचा तर सकाळीच बाहेर पडा, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. नाहीतर ऑगस्टचा उत्तरार्ध, म्हणजे कापणीचा हंगाम. आम्ही ऑगस्टात गेलो आणि मला तोच काळ जास्त भावला, कारण मसुरीची कापणी पाहायला मिळाली.

सांगली-कोल्हापूरकडे ढाब्यावर अख्खा मसूर खाऊन वाढलेल्या माणसाला हे दृश्य विलक्षण वाटतं. क्षितिजापर्यंत मसूर, आणि त्यात माणूस एकच, हार्वेस्टरच्या काचेआड बसलेला. हे पीक इथे काही फार जुनं नाही. सॅस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७८ मध्ये ‘लेर्ड’ आणि १९८० मध्ये ‘एस्टन’ हे वाण दिले, तिथून मसुरीची शेती वाढत गेली. आज कॅनडातली जवळजवळ सगळी मसूर याच प्रांतात होते, आणि भारत तिचं एक मोठं गिऱ्हाईक आहे. झाड बुटकं, शेंगा जमिनीलगत, म्हणून कापणीचं पातं अगदी मातीला टेकवून चालवावं लागतं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या जमिनीत दगड पेरून ठेवलेत, ते पात्यात अडकतात. त्यासाठी पेरणीनंतर शेतावरून लोखंडी रोलर फिरवून दगड दाबून टाकतात. शेतांच्या कडेला दगडांचे ढीग दिसतील, ते पिढ्यान्‌पिढ्या वेचून काढलेले.

न्याहारीला कॉफीच्या दुकानात एका वयस्कर शेतकऱ्याशी बोलणं झालं. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: “यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे?” औपचारिकपणा नव्हता तो. आपला मान्सून बरा झाला की त्यांच्या मसुरीचा भाव उतरतो. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. शुल्क लावणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. “तुमच्या शेतकऱ्यालाही भाव हवाच की,” असं ते म्हणाले. हे ऐकायला इतक्या दूर जावं लागलं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांच्याच तोंडून दोन मालकांची गोष्ट नीट समजली. हा सगळा प्रदेश एक मैल बाय एक मैल चौकोनांत मोजलेला. चौकोन ६४० एकरांचा, त्याचा पाव हिस्सा १६० एकर. नव्या वसाहतदाराला तो १० डॉलर शुल्कात मिळायचा, जमीन कसून घर बांधण्याच्या अटीवर. पण १८८७ नंतर दिलेल्या अशा जमिनींत खनिजांचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला. त्यामुळे शेतात तेल निघालं तरी बहुतेक शेतकऱ्यांना तेलाचा वाटा मिळत नाही. मिळतं ते विहिरीने आणि तिच्या रस्त्याने अडवलेल्या जागेचं वार्षिक भाडं. नको म्हणायची सोयही फारशी नाही; बोलणी फिसकटली तर लवाद भाडं ठरवतो आणि कंपनी आत येते. वाईट वर्षी मात्र तेच भाडं घर चालवतं, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितलं. घरातलं एखादं माणूस हिवाळ्यात तेलाच्या कामाला जातं आणि वसंतात पेरणीला परततं, अशी कुटुंबं इथे पुष्कळ.

तेलाचं काम पाहायला गावाच्या आग्नेयेला गुडवॉटर या चिमुकल्या वस्तीच्या बाजूला गाडी काढा. गव्हाच्या मधोमध पंपजॅक, म्हणजे तेल उपसणारे पंप, वरखाली होत असतात आणि हार्वेस्टर त्यांना वळसा घालून जातो. हे क्षेत्र १९५४ मध्ये सापडलं. पुढे पाणी सोडून तेल ढकललं, तरी उत्पादन घटत गेलं. मग २००० पासून इथे कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडायला लागले. तो येतो नॉर्थ डकोटातल्या ब्यूलाजवळच्या, कोळशापासून वायू करणाऱ्या कारखान्यातून, ३०० किलोमीटरहून लांब पाइपलाइनने. दाबाखालचा हा वायू तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि खडकातून सुटतं. आजवर ३ कोटी टनांहून जास्त वायू इथे गाडला गेला आहे. जगभरचे अभ्यासक त्यासाठी या गावाचं नाव घेतात. गाडलेल्या वायूमुळे आणखी तेल निघतं आणि ते जळतं, हे विसरून चालणार नाही. तरी धुराड्यातून हवेत जाणारा वायू खडकात राहतो, हे मला मोलाचं वाटतं.

विहिरीजवळ मात्र जाऊ नका. या तेलाबरोबर हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर गाडी वळवून निघा. वास अचानक थांबला तर ते जास्त धोक्याचं, कारण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. शेतात उतरून फोटो काढायचा मोहही आवरा. जानेवारी २०२२ पासून या प्रांतात दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकायला आधी परवानगी लागते, आणि बुटाच्या मातीतून पिकांचे रोग पसरतात हे खरं कारण त्याहून मोठं. रस्त्यावरूनच फोटो छान येतात. खडीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा, समोरून ट्रक आला तर आणखी कमी, नाहीतर काच फुटलीच. पावसानंतर खडी नसलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका. इथली चिकणमाती, विशेषतः रेजायनाकडची, आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली आहे.

गावात परतल्यावर सिग्नल हिलवरचा १९०९ चा पाण्याचा मनोरा पाहा; समुद्र नसलेल्या मुलखात तो दीपगृहासारखा उभा आहे. मग नदीकाठी टॉमी डग्लस यांच्या पुतळ्यापाशी जा. हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले पाद्री १९३० मध्ये इथल्या कॅल्व्हरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये आले, ऐन दुष्काळात. लहानपणी त्यांचा पाय हाडाच्या आजाराने जायचा होता. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या बोलीवर एका सर्जनने ती फुकट केली, म्हणून पाय वाचला. उपचार नशिबावर अवलंबून नसावेत, हे त्यांच्या मनात तिथून बसलं. १९४४ मध्ये ते प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे प्रमुख, झाले, १९४७ मध्ये सर्वांसाठी रुग्णालय विमा आणला, आणि १ जुलै १९६२ ला डॉक्टरांचा संप सोसून त्यांच्या पक्षाच्या सरकारने सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू केला. पुढे तो देशाने उचलला. त्यांचं चर्च मूळ जागेवरून हलवून जपलं आहे, तिथे आता नाटकं होतात. माझ्यासाठी या गावातली ही सर्वांत मोठी जागा.

राहायला हॉटेलं पुरेशी आहेत, पण एक वर्षाआड जूनमध्ये तेल उद्योगाचं प्रदर्शन भरतं, तेव्हा खोली मिळणं कठीण. शाकाहारींनी बटाटा-चीज भरलेल्या पेरोगी, म्हणजे करंजीच्या आकाराचे उकडलेले पदार्थ, मागवाव्यात, युक्रेनहून आलेल्या लोकांची ही देणगी. वर बेकन घालू नका असं आधीच सांगा. संध्याकाळी निकल लेकला जायचं तर डासांचं मलम हवंच. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो. संग्रहालयांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी फोन करून ठरवा.

एक दिवस जास्त असेल तर पुढे ८५ किलोमीटरवर एस्टेव्हनला जा. तिथे कोळशाच्या खाणी आहेत, आणि वीजकेंद्राच्या धुरातून कार्बन वेगळा काढणारं २०१४ चं संयंत्र आहे. तिथून सीमा ओलांडणार असाल तर घड्याळाकडे लक्ष द्या: सॅस्कॅचेवानचा हा भाग वर्षभर एकच वेळ पाळतो, नॉर्थ डकोटाची सीमेलगतची वेळ उन्हाळ्यात एक तास पुढे असते. अमेरिकेचा व्हिसा लागतोच. गाडी पलीकडे न्यायची परवानगीही भाड्याने घेतानाच लेखी मागून ठेवा.