बोट सुटायच्या आदल्या दिवशी चिवितावेक्यात

क्रूझ ठरली की घरात चर्चा सुरू होते ती केबिनची. बाल्कनी हवी की नुसती खिडकी चालेल, कुठल्या मजल्यावर बोट कमी हलते, जेवणाची पहिली पाळी घ्यायची की दुसरी. आमच्याकडेही तेच झालं. बोटीच्या आदल्या रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. आता परत आल्यावर मला लिहावंसं वाटतंय ते त्या आदल्या दिवसाबद्दलच. ग्रीसची बेटं, तुर्कस्तानातलं कुशादासी, नेपल्स, सगळं सुंदर होतं; त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

आमची बोट 'रोमहून' सुटणार होती. तिकिटावर तसंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात मोठ्या क्रूझ बोटी सुटतात त्या चिवितावेक्या नावाच्या बंदरातून, आणि ते रोमपासून 70-80 किलोमीटरवर आहे. मी, नवरा, आई आणि मावशी असे चौघं. आई आणि मावशी दोघी सत्तरीच्या पुढच्या, त्यामुळे धावपळ नको हे पहिल्यापासून पक्कं होतं. तरीही ट्रॅव्हल एजंटने दिलेला पहिला प्लॅन असा: सकाळी विमान उतरेल, विमानतळावरून थेट बंदर, दुपारी बोटीवर. एक रात्र वाचेल, पैसे वाचतील. मी ताबडतोब नाही म्हणाले. विमान चार तास लेट झालं तर? बोट थांबत नाही. सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बहुतेक कंपन्या चेक-इन बंद करतात, कारण प्रवाशांची यादी त्यांना आधी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केली असतील तर पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने पोचा, एवढंच हातात उरतं. दोन म्हाताऱ्या बायकांना घेऊन मी तसला पाठलाग करणार नव्हते.

मग दुसरा प्लॅन आला: रोममध्ये मुक्काम, बोटीच्या दिवशी सकाळी गाडीने बंदर. हा बहुतेक लोक घेतात आणि नवऱ्यालाही तोच पटला होता. मी म्हटलं, रोममध्ये राहूच, पण शेवटची रात्र चिवितावेक्यात काढायची. त्यावर एजंट म्हणाला, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काही नाही. लोक नुसते बोटीत चढायला जातात." हे वाक्य मला नंतरही कितीतरी जणांकडून ऐकायला मिळालं, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो.

रोमचे दिवस छान गेले. रोमवर लिहिणारे खूप आहेत, मी त्यात भर घालत नाही. एकच सांगते. मावशीची बॅग आमच्याबरोबर उतरलीच नाही. पट्टा फिरून फिरून थांबला, बॅग नाही. काउंटरवर तक्रार नोंदवली, बॅगेचा रंग सांगितला, हॉटेलचा पत्ता दिला आणि बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनवर आली. हरवलेली बॅग विमान कंपनी पत्त्यावर पाठवते. आणि आपण त्याच दिवशी बोटीवर चढलो असतो तर पत्ता कुठला द्यायचा? आज हे बंदर, उद्या ते, परवा दिवसभर समुद्र. मावशीची रक्तदाबाची औषधं हातातल्या पिशवीत होती म्हणून ते दोन दिवस निभावले, नाहीतर परक्या गावात डॉक्टर शोधत फिरावं लागलं असतं.

शिवाय संप होता. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात, हे एका परीने बरं. पुष्कळदा ते रात्री नऊला सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊला संपतात. आमचा संप नेमका बोटीच्या आदल्या रात्री नऊपासून होता. कामाच्या दिवशी संपातही सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक लोकल गाड्या चालवाव्या लागतात, पण बोटीच्या दिवशी त्या तीन तासांच्या भरवशावर कोण राहणार? आमचं हॉटेल चिवितावेक्यात बुक होतंच. आदल्या दिवशी भल्या सकाळी निघायचं ठरवलं.

रोमहून तासाभराची साधी लोकल गाडी. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायला हवा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मी चारही तिकिटं हातात धरून त्या मशीनपाशी उभी राहिले, आणि छाप नीट उठलाय ना, हे आईने चष्मा लावून एकेक करून पाहिलं. डावीकडच्या खिडक्या पकडल्या. शहर मागे पडलं, मग शेतं, आणि सांता मारिनेल्लाच्या आसपास रुळांना समुद्र अगदी लागून आला. आई आणि मावशी बोलायच्या थांबल्या. आमच्या घरात ही घटना नोंद करण्यासारखी आहे.

सकाळीच पोचल्यामुळे खोली तयार नव्हती, दोन वाजता मिळेल म्हणाले. बॅगा ठेवून घेतल्या. पासपोर्ट मात्र मागितले आणि मावशी बिचकली. तिला समजावलं की इटलीत प्रत्येक हॉटेलला पाहुण्यांची नावं पोलिसांना कळवावी लागतात, हा नियम आहे. तरी पासपोर्ट परत हातात पडेपर्यंत ती काउंटरपासून हलली नाही, आणि मला वाटतं तिचं बरोबरच होतं. परदेशात तेवढी एक वस्तू नजरेआड होऊ द्यायची नसते. मुक्काम-कर वेगळा भरावा लागतो, तोही तिथेच दिला.

आता खोली मिळेपर्यंतचे तास. मुळात सगळं लिहायला बसले ते यासाठीच.

गाव जुनं आहे. बंदर बांधून घेतलं रोमन सम्राट ट्राजानने, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. पाण्याकाठी दगडी किल्ला उभा आहे, फोर्ते मिकेलांजेलो. त्याचं काम 1508 साली ब्रामान्ते या वास्तुकाराने सुरू केलं, आणि मुख्य बुरुजाचा वरचा भाग मिकेलांजेलोचा असं सांगतात, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात बंदर म्हणून बॉम्बहल्ले झाले आणि गावाचा मोठा भाग कोसळला. त्यामुळे पुष्कळशा इमारती नंतरच्या, साध्या. रोम पाहून आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत 'काही नाही' वाटेल, हे मी मान्य करते. पण समुद्राकाठी बसायला बाकं आहेत, मासळीबाजारात लोक खरोखरीची खरेदी करत असतात, आणि कॉफी पिताना कोणी मागे उभं राहून खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत नाही. रोमच्या गर्दीनंतर आईला तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

एका चौकात पुतळा दिसला. जपानी पोशाख, कमरेला तलवार. इटलीच्या बंदरात सामुराई? वाचलं: हासेकुरा त्सुनेनागा. सेन्दाईच्या दाते मासामुने या सरदाराने त्याला दूत म्हणून पाठवलं होतं. 1613 साली जपानमध्ये बांधलेल्या जहाजातून तो निघाला, पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोला गेला, तिथून जमिनीवरून दुसऱ्या किनाऱ्याला, मग अटलांटिक, स्पेन, आणि 1615 च्या ऑक्टोबरमध्ये इथे, या बंदरात उतरला, पोपच्या भेटीसाठी. परत जपानला पोचला 1620 मध्ये. नवरा बराच वेळ त्या पुतळ्यासमोर उभा होता. मग म्हणाला, "आपण एका रात्रीवरून भांडत होतो."

हॉटेलातल्या मुलीने सांगितलं होतं की जपानी हुतात्म्यांचं चर्च जरूर बघा. दुपारच्या उन्हात चालत गेलो. बाहेरून साधंच वाटलं. आत गेलो आणि समोर वेदीमागच्या भिंतीवर मेरी, चक्क किमोनोत. कडेवर बाळ, तेही जपानी कपड्यांत. चेहरे जपानी, सोनेरी पार्श्वभूमी, आणि भोवती हुतात्मे. लुका हासेगावा नावाच्या जपानी चित्रकाराने 1950 च्या दशकात हे चर्च रंगवलं. भिंतींवर जपानमधल्या नागासाकीची ती घटना आहे: 5 फेब्रुवारी 1597, टेकडीवर ओळीने रोवलेले क्रूस, ख्रिस्ती धर्मापायी मारलेली 26 माणसं, त्यांत लहान मुलंसुद्धा. रंग शांत आहेत, कुठेही किंकाळी नाही. त्यामुळे ते जास्त लागतं.

आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आई बाकावर बसली. मावशी दाराजवळच्या कागदावरची सव्वीस नावं एकेक करून वाचत होती. तिला सगळं वाचायची सवय आहे, बसच्या तिकिटामागचे नियमसुद्धा ती वाचते. एका नावाशी तिचं बोट थांबलं. "अगं, हे बघ. गोन्सालो गार्सिया. हे तर वसईचे."

वसईत जन्मलेले, व्यापारासाठी पूर्वेला गेलेले, पुढे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू, झालेले गोन्सालो गार्सिया. नागासाकीच्या त्या सव्वीस जणांतले एक. 1862 साली पोप नववा पायस यांनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. हे मला कुठेतरी वाचून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि इटलीच्या एका बंदरात, किमोनोतल्या मेरीच्या पुढ्यात ते नाव बोटाखाली सापडणं वेगळं. मावशी चर्चमध्ये जाणारी नाही, रोज देवपूजा करणारी बाई. ती पुढे गेली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही कोणीच काही बोललो नाही, आणि नंतर कितीतरी वेळ तिथून उठावंसंही वाटलं नाही.

'तिथे बघण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. क्रूझच्या दिवशी हजारो माणसं या गावातून जातात, बसमध्ये बसून थेट रोम आणि रोमहून थेट बोट. गाव त्यांच्या लेखी नुसतं फाटक.

संध्याकाळी हॉटेलात कामं होती. बॅगेची लेबलं छापून आणली होती, त्यांना घड्या घालून हँडलला स्टेपलर मारला आणि वरून चिकटपट्टी. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात जातात आणि केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी उशिरा पोचतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मे, एक जोड कपडे आणि मावशीची जपमाळ हातातल्या पिशवीत. व्हिसाची पानं पुन्हा एकदा तपासली. आमची बोट तुर्कस्तानात जाऊन परत इटलीत येणार होती, म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडून पुन्हा आत. त्याला मल्टिपल एन्ट्रीच लागते, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा व्हिसा, आणि हे लोक इतक्या सहज विसरतात की मला काळजी वाटते. व्हिसाच्या अर्जात बोटीच्या आधीच्या रात्रींची बुकिंगही दाखवावी लागतात, त्यामुळे 'हॉटेलचं बघू नंतर' असं चालत नाही.

हॉटेल कसं होतं? लहान. लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक बॅग, बस. नाश्ता गोड बिस्किटांचा, आईला आवडला नाही. पण खिडकीतून बंदर दिसायचं, आणि सकाळी उठून पडदा सारला तर आमची बोट धक्क्याला लागलेली. मावशीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. इतकी मोठी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. त्या एका खिडकीसाठी मी पुन्हा तेच हॉटेल घेईन. चेक-आउट झाल्यावरही त्यांनी बॅगा ठेवून घेतल्या, त्यामुळे बोर्डिंगची वेळ होईपर्यंत आम्ही रिकाम्या हातांनी समुद्राकाठी फिरलो. मग टॅक्सीने लार्गो देल्ला पाचे, आणि तिथून बंदराची शटल बस थेट बोटीपाशी. बंदर अवाढव्य आहे, धक्क्यापर्यंत पायी जायचा विचारसुद्धा करू नये.

टर्मिनलमध्ये त्या दिवशी वेगळंच चित्र होतं. संपामुळे रोमहून येणारे सगळे गाडीऐवजी रस्त्यानेच आले होते. चेक-इन बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना एक जोडपं धावत आलं, दोघं साधारण आमच्या वयाचे. ती रडत होती. रोममध्ये टॅक्सी मिळेना, मिळाली तर महामार्गावर रांग. त्यांना आत घेतलं गेलं, तेव्हा अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. आईने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

रात्री जेवणाला ते दोघं शेजारच्याच टेबलावर होते. गप्पा झाल्या. मी त्यांना चर्चबद्दल सांगितलं, किमोनोतल्या मेरीचा फोटो दाखवला. मावशीने सव्वीस जणांची गोष्ट तिच्या इंग्रजीत, हातवारे करत, पूर्ण सांगितली. त्यांनी चर्चचं नाव फोनमध्ये लिहून घेतलं. बोट परत त्याच बंदरात लागणार होती आणि त्यांचं परतीचं विमान रात्रीचं होतं.