सेन्सेक्स कळतो, क्लोरीन कळत नाही

शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५
किरकटवाडी, पुणे

महिनाअखेरीला बाजार पुन्हा आपटला. सेन्सेक्स १,४१४ अंकांनी घसरून ७३,१९८ वर बंद झाला. सप्टेंबरअखेर हाच आकडा ८६ हजारांना टेकत होता. निफ्टीचा हा घसरणीचा सलग पाचवा महिना, असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडलंय. ह्यांच्या मोबाइलवर दिवसभर लाल आकडे. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम, थांबवायची का म्हणून. थांबवायची नाही असं ठरलं आणि मला ते पटलं. लेकीच्या शिक्षणाला अजून अवकाश आहे, पडत्या बाजारात युनिट जास्त मिळतात, आणि ट्रम्प उद्या कुणावर किती टक्के आयात शुल्क लावतील याचा अंदाज बांधत संसार करता येत नाही.

माझ्या डोक्यात मात्र सकाळपासून दुसराच आकडा आहे. ०.२. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान एवढे मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. टाकीत असून भागत नाही, नळाच्या तोंडाशी हवं. सेन्सेक्स सेकंदासेकंदाला कळतो. माझ्या नळाला आज क्लोरीन किती आलं, हे मला कुठेच कळत नाही.

मागच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा मुलगा आज वॉकर धरून अंगणात चालताना दिसला. आधी जुलाब झाले, ते थांबले. आठवडाभराने पायांना मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, मग हात उचलेना. गुइलेन बारे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं जीबीएस. त्याच्या आईने मला दारातच थांबवलं आणि किती तरी वेळ माझा हात सोडला नाही. 'वहिनी, चमचा धरला त्याने काल,' एवढंच म्हणाली.

त्याला जे इम्युनोग्लोब्युलिन दिलं, ते हजारो माणसांच्या रक्तद्रवातून काढतात. एकेका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात, आणि वजनाप्रमाणे पाच दिवस द्यायचं. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचं रक्त एका पोराच्या कामी आलं, हे ऐकून मला भरून आलं. पैशांसाठी त्या घराने काय काय मोडलं, ते मात्र ती माउली बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

आज विज्ञान दिन, म्हणून लेकीने शाळेत याच आजारावर माहिती सांगितली. रात्री मलाही समजावत बसली होती. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. त्याच्या बाहेरच्या आवरणाची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरच्या काही रेणूंसारखी असते. शरीर जंतूला मारायला निघतं आणि आपल्याच नसांवर हल्ला करून बसतं. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला. जानेवारीपासून रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. बहुतेक रुग्ण बरे होतात हे खरं, पण पुन्हा पायावर उभं राहायला महिने जातात.

बरेचसे रुग्ण आमच्याच पट्ट्यातले. किरकटवाडी, शेजारचं नांदेड गाव, धायरी. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर, आणि नांदेडच्या विहिरीतून गावांना जाणाऱ्या पाण्याला शुद्धीकरण केंद्र नाही. नुसती क्लोरीनची मात्रा देऊन ते पाणी पुढे सोडलं जातं. २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत गेली, त्यात आम्हीही गेलो. ग्रामपंचायत बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकच कारभार बघतात. म्हणजे आमच्या गावाने महापालिकेसाठी एकदाही मतदान केलेलं नाही. सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. ग्रामपंचायतीत निदान जलसुरक्षक तरी असतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकली, पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळं झालं की नाही, याची वहीत नोंद करायची त्याची जबाबदारी असते, आणि ती वही कुठे मिळेल हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आता वही कोणाकडे मागायची? मला हा प्रश्न बाजाराच्या घसरणीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि हे काही एकट्या पुण्याचं दुखणं नाही. २०११ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवर, ॲरिझोनातल्या युमा आणि पलीकडच्या सॅन लुईस भागात असाच जीबीएसचा उद्रेक झाला होता. तिथेही हाच जंतू निघाला आणि संशय आला तो क्लोरीन कमी पडलेल्या पाण्यावर. पेरूला तर २०२३ मध्ये याच आजारापायी आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. अशा वेळी एका देशाने शिकलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायला जागतिक आरोग्य संघटना लागते. आमच्याकडे रुग्ण वाढत असतानाच, २० जानेवारीला, ट्रम्प यांनी त्याच संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. सगळ्यांत मोठा देणगीदारच हात काढून घेतो, तेव्हा त्याची झळ कुठल्या तरी गरीब देशातल्या लेकरांना बसणार. मला त्या सहीचा मनापासून राग आला.

परवा सोसायटीतल्या बायका मिळून संभाजीराजांवरचा चित्रपट पाहून आलो. शेवटच्या अर्ध्या तासात कोणीच कोणाशी बोललं नाही, सगळ्या रडत होत्या. घरून उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. दारावरच्या मुलाने पिशव्या उघडून पाहिल्या, कुठून आलात म्हणून विचारलं आणि काही न बोलता आत सोडलं. इतक्या दिवसांच्या धास्तीनंतर एकत्र बाहेर पडलो, बरं वाटलं.

स्वारगेट बसस्थानकातल्या बलात्काराच्या घटनेतला आरोपी पकडला गेला. त्या मुलीचा विचार मनातून जात नाही. त्यावर आज लिहवत नाही.

हे लिहिता लिहिताच टीव्हीवर व्हाइट हाउसमधली दृश्यं सुरू झाली. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की समोर बसलेत आणि ट्रम्प, त्यांचे उपाध्यक्ष व्हान्स दोघंही त्यांच्यावर आवाज चढवताहेत. तीन वर्षं घरावर बॉम्ब झेलणाऱ्या देशाच्या माणसाला 'तू आभार मानलेस का' असं जगासमोर विचारणं मला अमानुष वाटलं. 'सोमवारी बाजार आणखी पडणार,' हे म्हणाले. पडू दे.

सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. मागण्या दोनच. रोज सकाळी पाणी सोडल्यावर गावातल्या ठरावीक नळांवर ओटी चाचणी करावी. आणि तिचा आकडा तारखेसह, मारुती मंदिराजवळच्या फलकावर, कोणालाही वाचता येईल असा लिहावा. आमच्या इमारतीतल्या सह्या झाल्या. मागच्या गल्लीतल्या सकाळी नऊच्या आत घ्यायच्या आहेत, पहिली त्या मुलाच्या आईची.