मेदरिंगहॅमचं लोखंड: जुन्या लष्करी विमानतळावर सापडलेले भाग ओळखताना

इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांवर जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या काळचं ब्रिटिश लँकॅस्टर बॉम्बर पक्कं बसलेलं असतं. मग चिखलात दिसणारा प्रत्येक गंजका तुकडा त्याच विमानाचा वाटायला लागतो. त्यातल्याच मेदरिंगहॅमच्या विमानतळावर जाऊन आल्यावर मी एवढंच सांगेन, की तिथलं बरंचसं लोखंड कधी उडालेलंच नाही. आणि जे उडालं नाही तेच जास्त रंजक आहे.

गावाचं स्टेशन लिंकन–स्लीफर्ड रेल्वेमार्गावर आहे. विमानतळ मात्र गावाबाहेर बराच लांब, म्हणून सायकल असलेली बरी. १९४३ च्या अखेरीस रॉयल एअर फोर्सची १०६ क्रमांकाची स्क्वॉड्रन लँकॅस्टर घेऊन इथे आली. युद्धानंतर जमीन पुन्हा नांगराखाली गेली. एका जुन्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे. ते रोज उघडं नसतं, तेव्हा वार आणि वेळ आधी विचारून घ्या.

खरा खजिना शेताच्या कडेला असतो. नांगराला जे जे अडकतं ते वर्षानुवर्षं कुंपणाजवळ भिरकावलं जातं आणि त्याचा ढीग होतो. शेतमालकाला विचारून आम्ही असाच एक ढीग पाहिला. वरच दातेरी चाक होतं, जड बीडाचं. बरोबरच्या मित्राने त्याला लगेच बॉम्ब चढवायच्या यंत्राचा मान देऊन टाकला. चिखल पुसल्यावर बोटभर उंचीची, ओतीव अक्षरं दिसली: शेती अवजारं बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. नांगर-पेरणीयंत्रवाले आपलं नाव जाहिरातीसारखं मोठ्ठं ओततात. विमानाच्या भागावर बहुधा बारीक ठोकलेले क्रमांक आणि तपासनिसाचे इवलेसे शिक्के असतात.

ब्रिटिश हवाई दलाच्या सामानावर मुकुट आणि त्याखाली ‘एएम’ ही अक्षरं म्हणजे एअर मिनिस्ट्री. त्याबरोबरचा साठा-क्रमांक तर फारच बोलका. ‘६ए’ने सुरू होत असेल तर विमानातलं मोजयंत्र, ‘५सी’ असेल तर विजेचं सामान, ‘१०डी’ असेल तर रेडिओ. पण मुकुट दिसला म्हणजे विमान, असं मात्र नाही. हवाई दलाच्या जमिनीवरच्या सामानालाही तोच शिक्का असे.

क्रमांक झिजला असेल तर बोल्टचे आटे बघा. खिशात थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायचं साधन, असू द्या. व्हिटवर्थ आणि बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) या जुन्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश, बीए (ब्रिटिश असोसिएशन) म्हणजे बारीक स्क्रूंचा ४७.५, अमेरिकन आट्यांचा ६०. ब्रिटिश की अमेरिकन हे इथे चटकन कळतं. एक फसवी जागा मात्र आहे. लँकॅस्टरच्या मार्क ३ प्रकाराला अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेली, मूळ ब्रिटिश आराखड्याची मर्लिन इंजिनं होती आणि पॅकार्डने त्यात ब्रिटिश आटेच ठेवले होते. त्यामुळे आट्यांवरून कारखान्याचा देश ठरवू नका. मूळ आराखडा कुठला एवढंच त्यातून समजतं.

ढिगातली सगळ्यात गूढ वस्तू म्हणजे पोलादी नळीचा वाकडा तुकडा, एका रांगेत बारीक भोकं पाडलेला. पिकाला पाणी द्यायची नळी म्हणून कुणीही सोडून दिली असती. पण मेदरिंगहॅमवर ‘फिडो’ होतं: धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना नळ्या टाकून पेट्रोल जाळायचं आणि त्या उष्णतेने धुकं हटवायचं. पेट्रोल आधी ज्योतीवरच्या नळीतून फिरून वाफ होई आणि मग खालच्या भोकांतून पेटे. ब्रिटनमधल्या १५ विमानतळांवर ही सोय होती आणि काही ठिकाणी तासाला ४,५०,००० लिटरच्या घरात पेट्रोल जाई. आमचा तुकडा त्यातलाच, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भोकांचं अंतर आणि नळीचा व्यास टिपून घेतलाय, संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवायचाय. पण सापडल्याची जागा धावपट्टीच्या अगदी कडेची, आणि हा पुरावा कुठल्याही शिक्क्याइतकाच वजनदार.

म्हणून वस्तू उचलण्याआधी फोटो काढा: एक जागेसकट, एक शेजारी पट्टी ठेवून, एक तिरप्या उजेडात, म्हणजे ठोकलेली अक्षरं उठून दिसतात. तारेचा ब्रश अजिबात नको; गंजाबरोबर रंग आणि आकडेही जातात. लोहचुंबक जवळ ठेवा. चिकटत नाही, हाताला हलकं लागतं आणि वर पांढरी भुकटी धरलीय, असं ओतीव मॅग्नेशियमचं असू शकतं. त्याला कानस किंवा ड्रिल लावू नका, कीस पेट घेतो.

विमानातल्या जुन्या मोजयंत्राच्या तबकडीवरचा रंग आता चमकत नसला तरी त्यात रेडियम असू शकतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. विझतो तो चमकणारा पदार्थ, किरणोत्सर्ग नाही. काच फुटलेली तबकडी हातात घेऊ नका. बॉम्ब किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि ९९९ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

कायद्याचंही बघा. शेतातली वस्तू विचारल्याशिवाय खिशात घालायची नाही. आणि लष्करी विमान कोसळलेल्या जागेला १९८६ च्या कायद्याचं संरक्षण आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खोदकाम करता येत नाही.

तुकडा विमानाचाच वाटत असेल तर फोटो घेऊन लिंकनशायरमधल्याच ईस्ट कर्कबीला जा. तिथल्या संग्रहालयात ‘जस्ट जेन’ नावाचं अख्खं लँकॅस्टर आहे आणि ते स्वतःच्या इंजिनांवर जमिनीवर धावतं. पडताळून बघायला याहून चांगली जागा नाही. फेरी पीक निघाल्यावर, पुढची पेरणी व्हायच्या आत ठरवा. उभ्या पिकात शेतकरी पाऊल ठेवू देत नाहीत, आणि ताज्या नांगरटीनंतर ढिगात नवी भर पडलेली असते.